हाताच्या मापाचं यान

माझा दादा सिनेमातली अंतराळयानं बांधतो. अख्खं यान नाही, ते आता कॉम्प्युटरवर होतं. तो बांधतो चालकासमोरचा फलक, म्हणजे बटणं, दांडे, दिवे, काटे. स्टुडिओत त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. हा कॅप्टन लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभा राहतो, हे मी कुणाला सांगत नाही. मी त्याची धाकटी बहीण. फलकावरची अक्षरं आणि रंगकाम माझ्याकडे.

लोकांना वाटतं, भंगारातून चार बटणं आणली, मागे दिवे लुकलुकवले की झालं यान. असं कुणी म्हणालं की माझं पित्त खवळतं. सामान भंगारातलंच असतं, हे कबूल. वॉशिंग मशीनची बटणं, फुटक्या प्रिंटरचे ट्रे, कुठल्या तरी जुन्या लिफ्टचे आकडे. पण दादाच्या यानात बिनकामाचं काही नसतं. कुठल्याही बटणावर बोट ठेवा, त्याने काय होतं ते तो सांगेल. सगळं सुरळीत असताना त्याचे बहुतेक दिवे विझलेले असतात. सगळेच लुकलुकले तर चालकाने बघायचं कुठे, असा त्याचा सवाल. रोज लागणारी बटणं हाताशी, आणि ज्याने घात होईल ते लांब, झाकणाखाली. शेवटी पॉलिश पेपर घेऊन तो रंग घासतो, तोही फक्त जिथे बोटं रोज पडणार तिथेच. माझा जीव तुटतो, कारण रंग मी दिलेला असतो. खोटं बोल पण रेटून बोल, असं जग म्हणतं. दादाचं म्हणणं, रेटून कुणी फसत नाही, वापरलेलं दिसलं की माणूस विश्वास ठेवतो.

आता हात नेमका कुठे पडणार, हे सांगायची वहिनी. ती शिवणकाम करायची, मापं घेण्यात तिचं आयुष्य गेलेलं. नवीन फलक करायचा झाला की दादा कोरं प्लायवूड उभं करी, समोर खुर्ची मांडी, आणि वहिनी डोळे मिटून बसे. ती बुटकी. नट उंच असला की बुडाखाली उशी घ्यायची आणि हातात लाकडी पट्टी धरायची, म्हणजे हात तेवढा लांब झाला. त्यात डावरी, त्यामुळे नट उजवा असला की डावा हात पाठीमागे. मग दादा ओरडायचा, इंजिन बंद पडलं. तिचा हात जिथे झेपावेल तिथे तो खडूने फुली मारायचा. कधी ती मुद्दाम त्याचं नाकच पकडायची आणि म्हणायची, हे बटण चालत नाहीये.

वहिनी अचानक गेली. झोपेतच हृदय बंद पडलं. दादाने सगळं नीट पार पाडलं, आल्यागेल्यांची विचारपूससुद्धा त्यानेच केली, पण तो रडला नाही. आणि ती गेली, हे शब्द त्याच्या तोंडून काही निघेनात. तिच्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे. दादा म्हणायचा, "ती नाहीये आत्ता," आणि माझ्याकडे बघत फोन माझ्या हातात द्यायचा. पुढचं मी सांगायचं. त्याची मुलगी परगावी असते. ती रोज मला विचारी, आत्या, बाबा रडले का गं? मी काय सांगणार? हा माणूस ताकास तूर लागू देत नव्हता, आणि एक दिवस उभाच्या उभा कोसळेल या भीतीने माझी झोप उडाली होती.

तशात नवीन सिनेमाचं काम आलं. मालवाहू यान, त्यात एकटाच म्हातारा चालक, नट ताडमाड. मी म्हटलं, खुर्चीत मी बसते. दादा म्हणाला, गरज नाही, मला आता पाठ झालंय. खरंच झालं असेल, मी म्हटलं, आणि त्याने आखलं तसं रंगवत गेले. इतका देखणा फलक त्याने आजवर केला नव्हता.

सेटवर नट खुर्चीत बसला आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्याचे गुडघे फलकाखाली अडकले. मुख्य दांडा डावीकडे, तोही इतका जवळ की कोपर पाठीमागे न्यावं लागे. लहान मुलांच्या बाकावर मोठा माणूस बसवावा तसं दिसत होतं ते. मागे कुजबूज सुरू झाली. दादाने टेप लावून बघितला. मग पुन्हा लावला. त्याच्याआधी मला उमगलं. उशी नाही, पट्टी नाही, पाठीमागे धरलेला हात नाही. दादाने हे यान वहिनीसाठी बांधलं होतं.

दिग्दर्शिका समजूतदार. ती म्हणाली, कॅप्टन, राहू दे, आपण लांबून घेऊ. मी म्हटलं, हा फलक आपण आहे तसा घरी नेऊ, दुसरा करू. दादाने मान हलवली. यान ज्याचं त्याला बसायला हवं, म्हणाला, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डावीकडचा दांडा सोडवायला लागला.

नटाला उगाच अपराधी वाटलं. आपल्याच उंचीने घोळ झाला म्हणून तो माफी मागू लागला.

"तुमची काही चूक नाही," दादा काम न थांबवता म्हणाला. "हिचा हात इथपर्यंतच पोचायचा."

"कुणाचा?" नटाने विचारलं.

दादाचा हात थांबला. फोन पुढे करताना बघायचा, तसा तो माझ्याकडे बघायला लागला. सांगून टाकावं असं जिवापासून वाटलं, पण या वेळी मी तोंड उघडलं नाही.

"माझ्या बायकोचा," दादा म्हणाला. "ती वारली."

मग तो खाली फरशीवर बसला आणि रडू लागला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.