गुडघ्याची राखण

पायात काटा मोडला की शहाणा माणूस न्हाव्याकडे जातो. मी पडलो मास्तर. काटा स्वतःच उकरला, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि पंधरवडाभर शाळेत लंगडत आपल्या वैद्यकीची फुशारकी मारली. परभणीच्या दवाखान्यात बैलगाडीतून उतरवलं तेव्हा उजवं पाऊल काळं पडलेलं.

डॉक्टर म्हणाले, "कापावं लागेल. घोट्यापाशी भागतं का बघू. नाहीतर गुडघ्याच्या वर."

गुडघा राहिला तर लाकडी पाय लावून शाळा गाठता आली असती. तो गेला की नोकरीही गेली. म्हणून क्लोरोफॉर्मला मी साफ नकार दिला. मी बेशुद्ध पडल्यावर हे कुठवर कापतील, कोण बघणार?

"मग पाठीत सुई देतो. कमरेखाली बधिर होईल, पण जागे राहाल."

मला तेवढंच पाहिजे होतं.

कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घट्ट धरायला लावले आणि मणक्यात सुई दिली. मग उताणा निजवून छातीवर चादरीचा आडपडदा बांधला. नर्सनं नाडी धरली. "मास्तर, बोलत राहा. तुम्ही बोलताय तोवर आम्हाला घोर नाही."

बोलण्यात मी कधी कमी पडलोय? शाळा तपासायला आलेले साहेब ओल्या सारवणावर बसले, ती गोष्ट सांगितली. नर्स हसली. मधेच डॉक्टर बाहेर जाऊन आले. मी निर्धास्त. दोन्ही गुडघे अजून पोटाशी दुमडलेले मला चांगले जाणवत होते.

"गुडघा माझ्यापाशी आहे बरं का, डॉक्टरसाहेब."

पडद्याआडून त्यांनी नर्सला नाडी विचारली.

संध्याकाळी बधिरपणा उतरला तसा पोटाशी वाटणारा डावा पाय आपोआप सरळ झाला; तो मुळात सरळच होता. उजवीकडे अर्ध्या मांडीवर पट्ट्या आणि पुढं सपाट चादर.

उशाशी बायको बसली होती. म्हणाली, "डॉक्टर भाईर आले व्हते. गुडघा ठिवला तर माणूस जाईल म्हणले. मी हो म्हणले."

"मी जागा होतो ना. मला विचारायचं."

"मी बी तेच म्हणले. तर म्हणले, ते गोष्टी सांगायलेत, सांगू द्या."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. शाळा दुसऱ्या मास्तराकडे गेली. उजवा गुडघा मात्र अजून पोटाशीच आहे, दुमडलेला, आणि ठणकतो. कुठं दुखायलंय, असं बायको विचारते. मी तिला सांगत नाही.