खिडकीतून टाकलेली दस्ती

माझ्या बायकोला गाडी लागते. हे मला लग्नाच्या बैठकीतच सांगण्यात आलं होतं. तिचे मामा म्हणाले, "पोरीत खोट काढायला जागा न्हाई. फक्त तिला गाडी लागते, तेवढं बघून घ्या." मी हसलो होतो. आमच्या जालना जिल्ह्यात गाडी लागायला आधी रस्त्याला वळण तरी पाहिजे! पण माझ्या वडीगोद्रीहून तिच्या टेंभुर्णीला जाताना तिला सरळ रस्त्यावरसुद्धा लागायची, आणि मामांनी काही लपवलं नव्हतं म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

तिला पुढची सीट लागे, तीही खिडकीची. तोंडावर वारा, गालात आवळासुपारी, मांडीवर कॅरीबॅग. बाकीचा बंदोबस्त ती करायची, खिडकी मिळवणं माझ्याकडं. बस स्टँडात शिरली की ती थांबायच्या आत मी सोबत पळायचो आणि नेमक्या खिडकीतून नेमक्या सीटवर दस्ती टाकायचो. दस्ती म्हणजे हातरुमाल. मराठवाड्याबाहेर हा शब्द समजावून सांगावा लागतो. एकदा दस्ती पडली की सीट आपली, मग तहसीलदार आला तरी तो उभाच राहणार. ऑफिसात मला बढती कधी वेळेवर मिळाली नाही, पण स्टँडावर माझा नेम चुकलेला कुणी पाहिला नाही.

एवढं करूनही घाटाच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. ऑफिसातली मंडळी सहकुटुंब कुठंकुठं डोंगरावर जायची, मलाही विचारायची. माझं उत्तर ठरलेलं. "मी तर कुठंही येईन हो, पण आमच्या हिला लागते ना!" हे मी चारचौघांत इतक्या वेळा म्हटलं की पुढं पुढं विचारायच्या आतच तोंडातून निघायचं. ती शेजारी उभी असली तर पदराच्या टोकाशी चाळा करत राहायची.

आणि झाडांचं वेड तिलाच. टीव्हीवर जंगल लागलं की भाजी करपली तरी उठायची नाही. आमच्याकडं जंगल म्हणजे कॅनॉलच्या कडेच्या बाभळी. "एकदा खरं जंगल बघायचंय," असं ती म्हणायची आणि मग स्वतःच विषय बदलायची.

मुलगी नोकरीला जपानमध्ये गेली आणि आम्ही तिच्याकडं राहायला गेलो. ती म्हणाली, "आई, इथं डोंगरावर फार जुनं जंगल आहे. सरकारी बस थेट वर जाते. पण रस्ता सगळा वळणांचा." मी माझं नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "मी येते. झाली उलटी तर होऊ दे. आता न्हाई पाह्यलं तर मंग कधी?" जायच्या आदल्या दिवशी तिनं जेवणही आवरतं घेतलं. तिची ती तयारी बघून मी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हिला पुढची खिडकी मिळालीच पाहिजे.

बसथांब्यावर सगळे रांगेत उभे होते. मायलेकी मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी राहिलो नाही. ज्यांच्याकडं दस्ती नाही त्यांच्यासाठी रांग असते. बस आली, वरची काच उघडी दिसली, आणि मी या वयात पळालो. दस्ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर पडली. परदेशातही हात शाबूत असल्याचं मला फार समाधान वाटलं.

ड्रायव्हर उठला. त्यानं पांढरे हातमोजे घातले होते. त्यानं माझी दस्ती उचलली, खाली उतरला, दोन्ही हातांनी ती माझ्यापुढं धरली आणि कमरेत वाकला.

"पप्पा, तुमची दस्ती वाऱ्यानं उडाली असं वाटलं त्याला," मुलगी रांगेतून दबक्या आवाजात म्हणाली.

मीही वाकलो. तो वळला तशी मी दस्ती पुन्हा आत टाकली. तो पुन्हा ती घेऊन आला आणि या वेळी आणखी खाली वाकला. रांगेतले लोक माझ्याकडं हळहळून बघत होते. माझ्या हाताला काही आजार असावा, असा त्यांचा समज झाला असणार.

"पप्पा, बस करा! मला इथं राह्यचंय अजून!"

शेवटी आम्ही सगळ्यांच्या मागून चढलो. पुढच्या सीटवर, खिडकीशी, टोपी घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. बायकोचा चेहरा उतरला. मुलीनं आजींना तिची अडचण सांगितली, तशा आजी एकदम खुलल्या. त्यांनी पिशवीतून छोटी डबी काढली. आत खारवलेलं आंबट फळ होतं. गाडी लागू नये म्हणून त्या ते गालात धरत. त्यांनी सरकून बायकोला खिडकी दिली, बायकोनं त्यांना आवळासुपारी दिली. मग टेंभुर्णीचंच कुणी भेटल्यासारखी ती माझ्याकडं वळून ओरडली, "अहो, यांना पण लागते!"

मला आणि मुलीला अगदी मागं, चाकावरची जागा मिळाली. बस चढायला लागली. "आईकडं लक्ष ठेव," मी म्हणालो. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग माझ्या तोंडात पाणी यायला लागलं. मला वाटलं, सकाळचा चहा बाधला. मग कपाळावर घाम आला. मुलीनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"पप्पा, तुम्हाला लागून राह्यली का?"

"न्हाई," मी म्हणालो. तेवढ्या एका शब्दासाठी तोंड उघडायला नको होतं.

"आई, कॅरीबॅग! जल्दी!"

पुढून कॅरीबॅग निघाली. प्रत्येक प्रवासी ती दोन्ही हातांनी मागच्याला देत होता, किंचित वाकून. तेवढा आदर माझ्या निरोप समारंभातही झाला नव्हता. ती वेळेवर पोचली, एवढंच इथं सांगतो.

वर पोचल्यावर बायको ठणठणीत उतरली आणि मी थांब्यावरच्या बाकड्यावर आडवा झालो. बायको म्हणाली, "मी थांबू का तुमच्यापाशी?"

"बिलकुल न्हाई. जा तू."

ती मुलीबरोबर आत गेली. मला पडल्या पडल्या झाडांचे शेंडे तेवढे दिसले. जपानचं जंगल मी खालून पाहिलं. बऱ्याच वेळानं ती परतली. केसांत कसलीशी काटकी, गाल लाल, डोळे भरलेले. "आतून ओलं असतं हो जंगल," ती म्हणाली. "झाडाला हात लावून उभी राह्यले, तर निघावंच वाटंना." मला इतका आनंद झाला की पोटाचाही विसर पडला. तिनं माझी तोंड पुसलेली दस्ती सोबत नेऊन तिथल्या झऱ्यावर धुऊन आणली होती. ती पिळता पिळता तिचा हात थांबला. "म्हंजी इतके वर्ष आपण घाटात गेलो न्हाई ते..." असं म्हणून तिनं वाक्य सोडून दिलं आणि हसत सुटली.

परतीच्या बससाठी मी मुकाट्यानं रांगेत उभा राहिलो. बस आली. बायकोनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ती रांग सोडून पुढं धावली आणि खिडकीतून दस्ती टाकली. नेम कच्चा, दस्ती काचेवर आपटून खाली आली. तिनं उचलून पुन्हा टाकली, तेव्हा ती पुढच्या सीटवर पडली.

ड्रायव्हर सकाळचाच होता. त्यानं दस्तीकडं पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि दस्ती तिथंच राहू दिली.

"चला, बसा खिडकीला," बायको म्हणाली. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला म्हणाली, "सांग गं या लोकांना. म्हणावं, मी तर कुठंही येईन, पण आमच्या यांना लागते ना!"