चोवीस चाकं

बाबांना रोज संध्याकाळी पाच वाजता घरी जायचं असतं. घरी म्हणजे नगरला. ते घर विकून सहा वर्षं झाली, आई जाऊन आठ. हे मी त्यांना निदान शंभरदा सांगितलं असेल, आणि दर वेळी आई गेल्याचं पहिल्यांदाच कळल्यासारखे ते रडले. मग सांगणंच सोडलं. मी रेल्वेत इंजिनिअर, इकडे उत्तरेत मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. पाच वाजले की बाबा पिशवीत टॉवेल आणि एक शर्ट कोंबून कॉलनीच्या गेटवर उभे. एकदा तर ई-रिक्षात बसून म्हणाले, ‘‘नगर चलो.’’ ‘‘कौन सा नगर, बाबूजी?’’ रिक्षावाल्याचंही बरोबर होतं, इथे जो तो मोहल्ला कुठलं ना कुठलं नगरच आहे. त्या दिवशी बाबा तासाभरानं सापडले.

मग एका रविवारी कपाट आवरताना माझा एक जुना खोका त्यांच्या हाती लागला. सुटे भाग रंगवून जोडायचा प्लास्टिकचा रणगाडा, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा. मी हौसेनं आणला होता आणि चाकांपाशी येऊन हात टेकले होते. एका बाजूला सहा चाकं, तीही जोडीजोडीची, म्हणजे एकूण चोवीस. शर्टाच्या बटणाएवढं एकेक. मध्ये हिरवा रंग आणि कडेला रबराची काळी पट्टी, ती दोऱ्याएवढी बारीक. माझी काळी पट्टी कायम हिरव्यात घुसायची.

बाबांची उभी हयात नगरला रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. खरी चाकं उतरवायची, रबर तपासायचं, हेच काम. त्यांनी एक चाक टूथपिकवर खोचलं, ब्रश एका जागी धरला आणि टूथपिक सावकाश फिरवली. एका फेऱ्यात कड पुरी. ‘‘ब्रश हलवायचा नसतो रे, चाक फिरवायचं,’’ मला म्हणाले. सुनेचं नाव त्यांना आठवत नाही, पण हात काही विसरलेला नाही. खरं सांगतो, मला थोडा हेवाच वाटला.

चार दिवस ते गेटकडे फिरकले नाहीत. ‘‘काम पडलंय, सुट्टी कुठली?’’ म्हणायचे. दिवसाला सहा चाकं. चौथ्या दिवशी चाकं संपली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी पिशवी पुन्हा भरलेली.

तेव्हा मी शक्कल लढवली. रोज सकाळी ऑफिसच्या आधी आदल्या दिवशीची सहा चाकं वाटीत स्पिरिट घालून बुडवायची, जुन्या टूथब्रशनं रंग काढायचा, आणि कोरी करून डब्यात परत ठेवायची. बायको म्हणे, तुमच्या हाताला दवाखान्याचा वास येतो. मुलगी म्हणाली, ‘‘पापा, आजोबा को पता चल गया तो?’’ पण बाबांना कळलं नाही. पाच महिने मी हे केलं. सकाळी सहाला बाथरूममध्ये उकिडवं बसून आपल्याच बापाचं चांगलं काम पुसायचं. कधीकधी इतकी चीड यायची की वाटायचं, जाऊ दे त्यांना, कुठे जायचं तिथे.

मग ऑफिसात तपासणीचा आठवडा आला. सुट्या भागांचे नमुने तपासून, पास-रिजेक्टच्या सह्या करून मी मेटाकुटीला आलो होतो. सकाळी डोळाच उघडेना. तीन दिवस स्पिरिटची बाटली तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चोवीस चाकं ओळीनं मांडलेली. बाबा मला पाहून उठून उभे राहिले. पिशवी खुर्चीला अडकवलेली होती.

‘‘साहेब, सगळी झाली. तपासून घ्या आणि मला सोडा. पोरगा शाळेतून येऊन वाट बघत असेल.’’

तो पोरगा मीच. त्यांना मी एकुलता एक.

मी वाकून चाकं पाहिली. दिवसभर तेच करून आलो होतो, खोट असती तर दिसली असती. एकाही चाकात नव्हती. पण पास म्हटलं असतं तर ते निघालेच असते, आणि त्यांच्यामागे गेटपर्यंत धावायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

‘‘रिजेक्ट,’’ मी म्हणालो. ‘‘कड बरोबर नाही.’’

चाळीस वर्षांत बाबांचं काम कुणी परत पाठवलं नव्हतं, ही गोष्ट आई अभिमानानं सगळ्यांना सांगायची. ते खाली मान घालून बसले.

‘‘चुकलं, साहेब. परत करतो.’’

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चाकं रिजेक्ट करतो. सकाळी स्पिरिटची वाटी आता तेच मागून घेतात आणि आपला रंग आपणच घासून काढतात. मला अर्धा तास जास्त झोपायला मिळतं.