वीसपेक्षा पन्नास मोठे

आमच्या इमारतीतले आप्पा सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले आणि गाड्यांचं कल्याण करायला मोकळे झाले. त्यांची स्वतःची जुनी गाडी वर्षानुवर्षं घट्ट, ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी तेलावर बिनतक्रार चालली होती. त्या इंजिनाला तेच लागायचं, एवढंच त्यामागचं रहस्य. पण आप्पांनी त्यातून अखिल वाहनसृष्टीचा सिद्धांत काढला: तेल जितकं घट्ट, तितकं इंजिन दीर्घायुषी.

धाकट्या मुलीने नवी छोटी गाडी घेतली. पहिल्या सर्व्हिसिंगला आप्पा मोठ्या मनाने स्वतः गेले.

"हिला झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी लागतं," मेकॅनिक म्हणाला. "आधीचा आकडा थंडीत तेल किती पटकन पसरतं त्याचा, नंतरचा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. कंपनीने..."

"वीस मोठे की पन्नास?"

"पन्नास, पण..."

"मग पन्नासवालं टाका. इंजिनात पाणी ओतून घ्यायला आलो नाही मी."

मेकॅनिकने वाद घातला नाही. ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी ओतून मोकळा झाला.

थंडी पडली तशी गाडी सकाळी कण्हायला लागली. सुरू झाली की टकटक, आणि पेट्रोलही जास्त पिऊ लागली. आप्पांनी तत्परतेने निदान केलं: आधी बॅटरी, मग पेट्रोलमधली भेसळ, शेवटी मुलीचा क्लचवरचा पाय. बॅटरी बदलून झाली. पाय बदलता येत नव्हता, म्हणून रोज जेवताना त्यावर व्याख्यान. बिचारी पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलला जायच्या बेतात होती.

एकदा काच धुण्याचं पाणी भरायला तिने बॉनेट उघडलं, तर तेलाच्या झाकणावरच ठसठशीत छापलेलं: 0W-20. मग आत कोणतं घातलंय, हे विचारायला तिने मेकॅनिकला फोन लावला. त्याने सगळं सांगितल्यावर तिला इतकं हसू आलं, की राग यायला संध्याकाळ उजाडली.

आप्पा थोरल्या मुलाकडे राहायला गेले तेव्हा तिने तेल बदलून घेतलं. टकटक गेली, कण्हणंही गेलं.

ते परतले तेव्हा ती त्यांना आणायला स्टेशनवर गेली. गाडी कशी गुपचूप चालली होती. आप्पा सीटवर रेलून म्हणाले, "बघ! घट्ट तेल मुरायला जरा वेळ लागतो."

"आप्पा, मी तेल बदललंय. झाकणावर लिहिलंय तेच घातलं."

रेललेले आप्पा ताठ बसले.

"छापणाऱ्याने पन्नासच्या जागी चुकून वीस छापलं असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते खाली आपल्या जुन्या गाडीचं झाकण फडक्याने घासताना दिसले. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं. आप्पा भलतेच खूश होते.