सरक बाजूले

"सरक बाजूले." बाईंचं हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल, तर तुम्ही आमच्या गावात रस्त्याच्या मधोमध कधी उभेच राहिला नाहीत. डावा हात कमरेवर ठेवायचा, उजव्यानं हवेतलं दार ढकलल्यासारखं करायचं आणि म्हणायचं. म्हशीला म्हणत, आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरला म्हणत. एकदा झेंडावंदनाला भाषण लांबवणाऱ्या सरपंचांनाही म्हणाल्या. लेकरांना ऊन लागत होतं. सरपंच सरकले.

मी तर रोजच ऐके, कारण माझी काळीपिवळी जीप नेमकी त्यांच्या वाटेत उभी असे.

त्या आमच्या अंगणवाडीच्या बाई. आमचं गाव पवनीजवळच्या कोंढ्याकडचं. अंगणवाडी तळ्यापलीकडे, वाट तळ्याच्या पाळीवरून. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. म्हणून बाईंनी धानाचे भारे बांधायच्या लांब दोराला गाठी मारल्या होत्या. एका लेकराला एक गाठ, पुढचं टोक बाईंच्या मनगटाला. "गाठ सोडाची नाई" हा पहिला धडा. अक्षरं नंतर.

मग एका हिवाळ्यात बिबट्यानं पाळीलगत राहणाऱ्या परीच्या, अंगणवाडीतल्याच एका पोरीच्या, अंगणातून तिचं कुत्रं उचललं. परीनं ते खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. हळूहळू सगळ्याच आयांनी लेकरं घरात ठेवली. अंगणवाडीत उरल्या बाई आणि खिचडीचं पातेलं.

ग्रामसभेत निघालं, की अंगणवाडी बंद करून मुलं शेजारगावाला जोडून द्यावीत. मी दोन्ही हात वर केले. ने-आण करायला गाडी माझीच लागणार होती.

बाई उठल्या. "आज पाळ सोडा, उद्या आंगण सोडा. मंग काय बाजेखाली राह्यता?"

वाटेकडची बेशरमाची झुडपं त्यांनी गड्यांकडून कापून घेतली. रोज दोघांनी डबे वाजवत पुढे चालायचं, असं कबूल करवलं. तरी लेकरं येईनात. परी तर दार वाजलं की बाजेखाली शिरे. तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. शहरात लहानसं प्राणिसंग्रहालय आहे, तिथे बिबट आहे, गाडी काढ म्हणाल्या. ज्याचं भेव वाटतं त्याचं तोंड तरी लेकरांनी नीट पाहावं, एवढाच त्यांचा हिशेब. आयांना हे पटवायला त्या घरोघर फिरल्या. परीची आई तिला कडेवर घेऊन गाडीत बसली.

वाटभर मी, म्हणजे त्यांच्या गाडीवाल्या मामानं, पोरांना माझी कथा ऐकवली. पवनीच्या रस्त्यावर बिबट्या आडवा आला आणि मी नुसतं डोळ्यात पाहून त्याला परत पाठवला. आता तुम्हीच सांगा, गाडीच्या काचा वर होत्या हे पोरांना सांगायची काय गरज?

प्राणिसंग्रहालयात लेकरं काही भाळली नाहीत. मोराला आणि हरणांना पाहून एक पोरगी म्हणाली, "हे तं आमच्या लाखोरीच्या वावरात येतेत." अस्वलानं पाठ खाजवली तेव्हा मात्र तिला आजोबा आठवले.

शेवटी बिबट्याचा पिंजरा आला. बाईंनी परीला आईच्या कडेवरून उतरवलं, गावाहून आणलेल्या दोराची आपल्यामागची पहिली गाठ तिच्या मुठीत दिली. मागचं टोक माझ्याकडे होतं. मला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून मी ते कमरेला गुंडाळून पक्की गाठ मारली.

बिबट्या आमच्याकडे पाठ करून झोपला होता. परी डोळे मिटून उभी.

"पाह्य, माय," बाई म्हणाल्या. "त्याले बी झोप येते."

तिनं एक डोळा उघडला. आणि तेवढ्यात तो उठला, गजांपाशी आला आणि गुरगुरला.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी तिथे नव्हतो. म्हणजे निघालो होतो. पण शिकवलेली लेकरं ती. एकानंही गाठ सोडली नाही. पुढचं टोक बाईंच्या मनगटाला, आणि बाई जागच्या हलल्या नाहीत. दोर ताणला गेला आणि पवनी रोडचा हा वीर चारी मुंड्या चीत झाला. खर्रा सगळा डोळ्यांत.

 मग परीचा आवाज. कित्येक दिवसांनी ती घराबाहेर बोलली. "बाई, मामा भेला."

"भेऊ दे. दोर कोनं सोडला?"

"कोनंच नाई."

"मंग झालं."

आणि ती हसली. मग सगळी हसली. मला वाटतं, पिंजऱ्यातलाही थोडा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर डबे वाजले. मागून दोर आला. पहिल्या गाठीला परी. अंगणवाडी बंद करायचं पुन्हा कोणी काढलं नाही. काढलं असतं तर सरकावं लागलं असतं.

पावसाळा सरता सरता बाई तापानं गेल्या. नवीन बाई यायच्या होत्या. त्या मधल्या दिवसांत मदतनीस खिचडी शिजवायला पुढे जाई, आणि लेकरं आणायचं काम गावानं माझ्यावर टाकलं. मी दोराचं पुढचं टोक घ्यायला गेलो, तर ते परीनं आधीच मनगटाला गुंडाळलं होतं. मला मागचं दिलं.

पाळीच्या मध्यावर, पाण्याकडच्या बेशरमात काहीतरी खसफसलं. डबेवाले थांबले. मी तर आधीच थांबलो होतो.

परीनं डावा हात कमरेवर ठेवला. उजवा झुडपाकडे केला.

"सरक बाजूले."

दोर ताणला. मी निघालो, या वेळी पुढे.