तरवडाचा काढा

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचा तरवडावर भारी जीव. आमच्या मुरूम गावच्या माळावर कुणी न लावता उगवणाऱ्या त्या झुडपाची पिवळी फुलं त्या ओच्यात भरून आणायच्या. ओल्या फुलांचं पिठलं व्हायचं, उरलेली वाळवून डब्यात जायची. शुगर निघाल्यापासून रोज सकाळी त्यांचाच काढा. तरवड फुलतो तिथं मरण यायला भितं, असं त्यांची कर्नाटकातली आई म्हणायची म्हणे. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र पदराच्या गाठीत तशाच.

गच्चीवर दोन सुपं असायची. एकात तरवड, दुसऱ्यात निर्माल्य. सोमवारी पिंडीवर बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फुलं वाहायची आणि उतरवलेली फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून वाळवून शेतातल्या लिंबाच्या बुडाशी ठेवायची, ही घरची रीत. बिट्टी विषारी असते हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

श्रावणातल्या त्या दुपारी गोळ्यांवरून आमचं वाजलं. "सून हाईस, डाक्टरीण न्हाईस," आत्या म्हणाल्या. सगळी गल्ली ऐकत होती. तेवढ्यात पावसाची सर आली. मी तणतणत गच्चीवर गेले, एक सूप दुसऱ्यात उपडं केलं आणि खाली येऊन सगळं डब्यात ओतलं. बघितलंसुद्धा नाही. राग आला की मला दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं.

दुसऱ्या दिवशी काढा मीच उकळला. राग उतरला नव्हता; न बघताच मूठ पातेल्यात टाकली, पेला पुढं आदळला आणि त्यांनी तो रिकामा केला. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. अंग गार, ओठ पांढरे. नवरा रिक्षा आणायला धावला. मी डबा उघडला. तरवडाच्या चुऱ्यात बिट्टीची लांबट, सुकलेली फुलं होती.

उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काय न्हाय, रोजचाच काढा," नवरा म्हणाला.

गप्प बसले असते तर तेवढ्यावर भागलं असतं. बोलले तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं : काल भांडली, आज सासूला विष पाजलं. मी खरंच भ्याले होते. पण आत्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होत चालला होता.

"त्यात बिट्टीची फुलं गेली," मी म्हणाले. "माझ्या हातानं. चुकून."

नवऱ्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते अजून विसरले नाही. डॉक्टरबाईंनी मात्र लगेच नाडी धरली, छातीला वायरी लावल्या. ठोके फार कमी पडत होते. दोन दिवस मी त्या यंत्राकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी आत्यांनी भाकरी मागितली, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून रडले.

घरी आल्यावर डबा मी उकिरड्यावर फेकला. आठवड्यानं आत्या माळावरून ओचा भरून आल्या आणि फुलं माझ्यापुढं ओतली.

"उकळ."

"माझ्या हातचं पिणार, आत्या?"

"मग कुणाच्या?"

एकेक फूल उजेडात धरून निवडलं. काढा झाल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिला घोट स्वतः घेतला. मग त्यांच्यासाठी दुसरा पेला घ्यायला वळले. पोटच्या लेकाचं उष्टं पाणीही या बाईनं कधी तोंडाला लावलं नव्हतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "कशाला भांडी वाढवतीस?"

पदराची गाठ सोडली, गोळी तोंडात टाकली आणि माझ्या उष्ट्या काढ्याबरोबर गिळली.