थापटबाई आणि तिची ताई

अतिदक्षता विभागात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे थापटबाई. ती होती फिजिओथेरपिस्ट, पण गुडघे-कंबरांची नव्हे, छातीची. श्वासाच्या यंत्रावर असलेल्या माणसाला खोकता येत नाही. घशात नळी, अंगात गुंगीचं औषध, आणि कफ आतल्या आत साचत राहतो. मग ही यायची, नळ्या-वायरी सांभाळत पेशंटला कुशीवर करायची आणि तळहाताचा खोलगा करून बरगड्यांवर थापायची. श्वास बाहेर पडताना दोन्ही हातांनी छाती थरथरवायची. सुटलेला कफ नर्स बारीक नळीने ओढून घ्यायची. काचेपलीकडून बघणाऱ्यांना वाटायचं, ही बया आपल्या माणसाला मारतेय की काय! एका आजोबांनी तर रागाने काचेवर काठी आपटली होती.

तिच्या थोरल्या बहिणीला या कामाची भारी गंमत वाटे. "तुमचं बरं आहे गं," ताई म्हणायची, "माणसाला बडवायचं आणि वर त्याच्याकडूनच आभार मानून घ्यायचे." ताई शिवणकाम करायची. आई लवकर गेली, तेव्हा शाळा सोडून ताईच मशीनवर बसली आणि धाकटीला तिने शिकवलं. ताईचं बोलणं कात्रीसारखं, माया मात्र अस्तरासारखी, आतल्या बाजूने.

ही ताई एका दुपारी स्ट्रेचरवरून त्याच विभागात आली. साधा ताप म्हणून अंगावर काढलं, त्याचा न्यूमोनिया झाला. संध्याकाळपर्यंत ती यंत्रावर होती.

"आपल्या माणसाला आपण हात लावू नये," मोठे डॉक्टर म्हणाले. "दुसरं कुणी करेल."

"माझ्या हातांना ती ठाऊक आहे, सर. मला करू द्या."

डॉक्टर तिला कित्येक वर्षं ओळखत होते. त्यांना तिचं मन मोडवलं नाही.

सुरुवातीला गुण आला. हाताखाली खरखर जाणवायची, कफ सुटायचा, पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा वर सरकायचा आणि काचेपलीकडे भाऊजी हात जोडायचे. गुंगी कमी केली तेव्हा ताईने डोळे उघडले, धाकटीकडे पाहिलं आणि एक भुवई वर केली. नळीमुळे बोलता येत नव्हतं, पण भुवई काय म्हणतेय ते धाकटीला बरोब्बर कळलं. "हो, बडवतेय तुला," ती म्हणाली. "बरी झालीस की मान आभार." नर्ससुद्धा हसली.

पण दुखणं उलटलं. थापताना हाताखाली आता खरखर लागेना, कफ सुटेना. फुफ्फुसं ओल्या लाकडासारखी घट्ट झाली. रक्त गोठायचं कमी झालं आणि जरा थापलं की बरगड्यांवर निळे डाग उठू लागले. ती मध्ये जाड टॉवेल ठेवायची, हात हलका करायची, पण सोडायची नाही. एका सकाळी ताईचा हात गादीवरून उचलला गेला आणि त्याने तिचं मनगट बाजूला सारलं. जोर असा नव्हताच त्यात.

"झोपेतली हालचाल आहे," ती नर्सला म्हणाली.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "आता थापणं थांबवूया. यंत्र राहू दे, पण तिला आणखी त्रास नको."

"अजून एक दिवस, सर."

"दुसऱ्याची बहीण असती, तर काय सांगितलं असतंस?"

उपचार कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो, हे तिनेच कितीतरी नातेवाइकांना समजावलं होतं. तेव्हा ते किती सोपं वाटायचं.

भाऊजींना तिनेच सांगितलं. ते बाहेर बाकावर ताईची चप्पल पिशवीत घेऊन बसले होते. दवाखान्यात आल्यापासून ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"तूच हात टेकलेस तर कसं व्हायचं गं?" ते म्हणाले. "तुझ्यावरच सगळी भिस्त."

"भाऊजी, माझ्या हातांनी आता तिला नुसतं दुखतंय. सकाळी तिनेच माझा हात ढकलला."

भाऊजींनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "तिला नको म्हणजे नकोच असतं," एवढं बोलले आणि हमसून हमसून रडू लागले.

दोघं आत गेली. तिने टॉवेल काढला आणि उघडा तळहात ताईच्या छातीवर नुसता ठेवला. यंत्र श्वास भरायचं, हात वर जायचा, खाली यायचा. काहीही न करता कुणाच्या छातीवर हात ठेवायची तिला सवयच नव्हती. मग ती बोलत बसली. शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक मशीनवर अर्धाच राहिलाय, भाऊजी भाजीत दोनदा मीठ घालतात.

"खोटं आहे ते," पायाशी उभे असलेले भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ताई गेली.

त्यानंतर बरेच दिवस तिने त्या विभागात पाऊल ठेवलं नाही. गुडघेदुखीवाल्यांकडे काम मागून घेतलं. एकदा मात्र यंत्रावरच्या एका ड्रायव्हरसाठी माणूस मिळेना, तेव्हा तिला बोलावणं आलं. ती गेली. ड्रायव्हरची बायको पलंगाशी उभी होती.

"यांना दुखत नाही ना हो?" तिने विचारलं.

आजवर या प्रश्नाला थापटबाईचं उत्तर ठरलेलं असे: नाही हो, त्यांना कळतही नाही.

"दुखत असेल थोडं," ती म्हणाली. "मी जपून करते. तुम्ही त्यांचा हात धरून ठेवा."